मैदानावर उतरलेले फादर

नाशिकमध्ये कॉन्व्हेंटची शिस्त म्हटली की पालकांसमोर पॉलिश केलेले बूट, कापलेली नखं आणि रांगेत चालणारी मुलं उभी राहतात. नाशिकरोडचं सेंट झेवियर्स असो नाहीतर शहरातलं डॉन बॉस्को, प्रवेशासाठी धडपड चालते ती बरीचशी या शिस्तीसाठी. माजी विद्यार्थी जमले की मात्र गप्पा रंगतात त्या मधल्या सुट्टीआधीच बाकाखाली फस्त केलेल्या डब्याच्या, मित्राच्या नावावर दिलेल्या हजेरीच्या आणि ऐनवेळी गायब झालेल्या डस्टरच्या. शिस्तीची नजर चुकवून खोड्या झाल्या, असा सर्वसाधारण समज आहे. निदान डॉन बॉस्को शाळा चालवणाऱ्या सेल्शियन धर्मसंघाच्या परंपरेपुरता तो खरा नाही. तिथे हसण्याखेळण्याला जागा आधी ठेवली गेली आणि शिस्त त्या भरवशावर उभी राहिली.

इटलीतल्या पिएमोंते प्रांतात 1815 साली जन्मलेला, या परंपरेचा संस्थापक जॉन (डॉन) बॉस्को लहानपणी दोरीवर चालून, हातचलाखी करून गावातली पोरं जमवायचा आणि खेळाचा मोबदला म्हणून त्यांना प्रार्थना म्हणायला लावायचा. किएरीला शिकत असताना, 1832 मध्ये, त्याने मित्रांचं एक आनंद मंडळ काढलं. अशोभनीय वागायचं नाही, नेमलेलं काम चोख करायचं आणि तोंड पाडून बसायचं नाही, एवढीच त्याची अट. पुढे 1877 मध्ये त्याने आपली शिक्षणपद्धत लिहून काढली. तिचं सार असं की, चूक झाल्यावर छडी उगारण्यापेक्षा शिक्षकाने आधीपासून मुलांच्या सोबत असावं आणि त्यांना धावायला, उड्या मारायला, कलकलाट करायला भरपूर मोकळीक द्यावी. याहून बोलका पुरावा म्हणजे 10 मे 1884चं त्याचं रोमहून पाठवलेलं पत्र. त्यात मैदानाची दोन चित्रं आहेत. जुन्या दिवसांत धर्मगुरू मुलांत मिसळून पळत होते. आता ते आपापसांत बोलत फिरतात, आणि मुलं खांबांना टेकून कुजबुजतात, आडबाजूला सटकतात. म्हणजे फादर खेळात असले की खोडी चारचौघांत होते आणि तिथेच जिरते. ते दूर गेले की तीच खोडी लपून, विखारी होऊन वाढते.

यावर कुणी छडीची आठवण काढेल, आणि ती काढायलाच हवी. सेंट झेवियर्ससारख्या शाळा चालवणाऱ्या जेझुइट धर्मसंघाच्या 1599च्या शिक्षणसंहितेत तर मारण्यासाठी संघाबाहेरचा माणूस नेमण्याची सोय होती. हात आपले नकोत, मार मात्र हवा! भारतात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना कायद्याने बंदी आली ती 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: रंगावरून, जातीवरून, तोतरेपणावरून पाडलेली नावंही थट्टेच्या नावाखालीच खपतात. ती थट्टा नव्हेच. ज्याची खोडी काढली तो संध्याकाळपर्यंत स्वतः हसून तो किस्सा सांगू शकला, तरच ती निरुपद्रवी म्हणायची.

हे सगळं इटलीचं, इथल्या हिंदू-मुस्लिम-जैन मुलांचा त्याच्याशी काय संबंध, असंही विचारता येईल. पण ठरलेल्या दिवशी मानमरातब बाजूला ठेवणं नाशिकला नवं नाही. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा मारणाऱ्याचा हुद्दा कुणी विचारत नाही. म्हणूनच शिक्षक दिनाला दहावीच्या मुलीने बाईंची साडी, चष्मा आणि आवाज हुबेहूब उचलला, तर शेवटच्या बाकावर बसलेल्या खऱ्या बाई रागावत नाहीत.

आज मुलांवर नजर ठेवायला कॅमेरे आले आहेत. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर, ऑगस्ट 2024 मध्ये, राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले. त्यांची गरज कुणी नाकारू नये. पण दप्तर कुणी लपवलं एवढंच कॅमेरा सांगेल. ज्याचं लपवलं तो हसला की रडवेला झाला, हे मैदानात उतरलेल्या शिक्षकालाच कळणार.