कापरेकरांची ६१७४ ची प्रक्रिया आणि आज्ञावलीतील अट व आवर्तन

प्रस्तावना

महाविद्यालयीन स्तरावर संगणक-आज्ञावली शिकवताना ‘जर-तर’ची अट व ‘तोपर्यंत’चे आवर्तन हे दोन घटक स्वतंत्रपणे विद्यार्थ्यांच्या ध्यानी येतात, अडचण उद्भवते ती दोहोंची सांगड घालताना. या अडचणीचे स्वरूप समजून घेण्यास एका मराठी गणितज्ञाचे कार्य उपयुक्त ठरते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला. वसई तालुक्यातील कामण आणि डहाणू ही दोन्ही ठिकाणे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती; २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. कापरेकरांनी १९३० ते १९६२ या काळात देवळाली येथे शाळाशिक्षक म्हणून काम केले. ६१७४ या संख्येविषयीचा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. त्या वेळी भारतात एकही अंकीय संगणक नव्हता.

हाताने केलेले आवर्तन

प्रक्रिया सर्वश्रुत आहे. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावेत, मोठीतून लहान संख्या वजा करावी व उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. कापरेकरांचे जन्मवर्ष घेतले तर ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४. सातांहून अधिक पायऱ्या कोणत्याही संख्येस लागत नाहीत.

वर्णन एका वाक्याचे असले तरी कागदावर गणित करणारा माणूस तीन अटी न बोलता पाळत असतो. ११११ सारखी संख्या तो मुळात घेतच नाही, कारण तिचे उत्तर शून्य येते. १००० मधून १ वजा केल्यावर ९९९ उरले, तर तो ०९९९ असे लिहून चार स्थाने राखतो. आणि ६१७४ येताच तो थांबतो. यांतील पहिली अट आवर्तनाच्या बाहेर, दुसरी आवर्तनाच्या आत व तिसरी आवर्तनाच्या दारावर आहे. यंत्राला हे स्थान सांगावे लागते.

स्थान चुकल्यास काय होते हे १००० या संख्येवरून स्पष्ट होते. शून्य राखले तर ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४ असा पाच पायऱ्यांचा प्रवास होतो. शून्य गळाले तर ९९९ मधून ९९९ वजा होऊन शून्य येते आणि ६१७४ ची वाट पाहणारी आज्ञावली कधीच थांबत नाही. चाचणीसाठी दहा-वीस संख्या सहज निवडल्यास हा दोष बहुधा उघडकीस येत नाही. म्हणूनच तो धोक्याचा आहे.

उडीकडून रचनेकडे

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला व १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे यंत्र आले. त्या पिढीच्या फोरट्रान भाषेतील आवर्तन मोजून ठरवलेल्या फेऱ्यांचे असे. फेऱ्यांची संख्या आधी ठाऊक नसेल, तर अट तपासून ‘गो टू’ने मागे उडी मारणे हाच रूढ मार्ग होता. अशा लेखनात तिन्ही अटी सारख्याच दिसतात. कोणती दारावरची व कोणती आतली, हे उड्यांचा माग काढल्याखेरीज कळत नाही.

बोम आणि याकोपिनी यांनी १९६६ मध्ये क्रम, निवड व आवर्तन एवढ्या रचना कोणत्याही आज्ञावलीस पुरेशा आहेत असे सिद्ध केले. डायक्स्ट्रा यांच्या १९६८ मधील प्रसिद्ध पत्राचा रोख मात्र वाचकाकडे होता: कागदावरील मजकूर आणि यंत्रात प्रत्यक्ष घडणारी क्रिया यांतील अंतर शक्य तितके कमी असावे. अध्यापनाच्या दृष्टीने हा मुद्दा बोम-याकोपिनींच्या सिद्धांतापेक्षा अधिक मोलाचा आहे. (१९७४ मध्ये क्नूथ यांनी आवर्तनाच्या मध्यातून बाहेर पडण्याची सोय काही ठिकाणी अधिक स्वच्छ ठरते, असे दाखवून या वादातील कट्टरता सौम्य केली.)

पास्कल भाषेत दारावरची अट आरंभी किंवा शेवटी लिहिता येते, आणि हा फरक केवळ शैलीचा नाही. आरंभीची संख्याच ६१७४ असेल, तर आरंभी अट तपासणारी आज्ञावली शून्य पायऱ्या मोजते. शेवटी तपासणारी एक वजाबाकी करून एक पायरी मोजते. उत्तर तेच, मोजणी चुकीची.

अंकांची संख्या बदलली की थांबण्याची अटही बदलते. तीन अंकांसाठी ४९५ हे स्थिर स्थान आहे. दोन अंकांसाठी असे स्थान नाही. तेथे ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे चक्र फिरते. ‘मागील उत्तर पुन्हा आले तर थांब’ ही अट येथे निरुपयोगी ठरते, कारण लगतची दोन उत्तरे कधीच सारखी नसतात. आधीची सर्व उत्तरे जपून प्रत्येक नवे उत्तर त्यांत शोधावे लागते. म्हणजे थांबण्याच्या एका अटीपोटी आवर्तनाच्या आत दुसरे आवर्तन येते. पाच अंकी संख्यांनाही स्थिर स्थान नसल्याने तेथेही हीच तजवीज करावी लागते.