'आवश्यक' भांडी : महाराष्ट्रीय स्वयंपाकघरातील साधने, श्रम आणि मालकी

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ६० मध्ये ऋणकोच्या कोणत्या वस्तूंवर जप्ती आणता येणार नाही, याची यादी दिलेली आहे. ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण यांना तीत संरक्षण मिळते. सावकार घरातील धान्य, गाडी, दागिने नेऊ शकतो. परंतु ज्या भांड्यांवाचून चूल पेटवूनही उपयोग नाही, ती त्याला नेता येत नाहीत. 'आवश्यक' हे विशेषण कायद्याने वापरले, मात्र आवश्यक भांडी किती व कोणती, हे सांगितले नाही. सांगणे शक्यही नव्हते. सोलापूरकडील ज्वारी खाणाऱ्या घराची निकड वेगळी आणि रत्नागिरीकडील भात खाणाऱ्या घराची वेगळी. प्रस्तुत निबंधात याच 'आवश्यक' शब्दाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. स्वयंपाकघरातील साधनांची यादी वरवर पाहता अन्नाची यादी वाटते. प्रत्यक्षात ती कोणी किती राबावे आणि कोणाच्या मालकीचे काय असावे, याची यादी असते, असे येथील प्रतिपादन आहे.

धान्य आणि दगड

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तेथील घरांतून चुली, धान्य साठविण्याच्या सोयी, जोर्वे पद्धतीची तोटीची मातीची भांडी आणि धान्य भरडण्याचे दगड मिळाले. हे दगड म्हणजे फिरते जाते नव्हे. खोलगट पाट्यावर दुसरा दगड मागेपुढे सरकवून धान्य रगडण्याची ती रीत होती. गोल फिरणारे जाते महाराष्ट्रात पुढे, प्राचीन ऐतिहासिक काळात येते. पाटा-वरवंट्याच्या रूपाने मात्र तो जुना दगड घरात टिकून राहिला. एकाच स्वयंपाकघरात अशी दोन युगे शेजारी शेजारी नांदत होती, ही बाब अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटते.

धान्याने भांडी ठरविली. देशावरील भाकरीला जाते, पीठ मळण्यास लाकडी काठवट किंवा परात, तवा आणि उलथने एवढ्यावर भागते. कोकणातील भाताला उखळ-मुसळ, सूप, तांदूळ धुण्यास बांबूची रोवळी, शिजविण्यास तपेले आणि नारळासाठी खवणी जडविलेली विळी लागते. चुलीला जोडून वैल असतो. मुख्य आचेवर भाकरी चालू असता उरलेल्या धगीवर आमटी किंवा दूध राहते. सरपण वाचविण्याची ही युक्ती मातीत थापून पक्की केलेली होती. ती थापणारीही घरातील स्त्रीच असे.

जात्याकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. पहाटे उठून कुटुंबाच्या दिवसभराच्या भाकरीपुरते पीठ दळणे हे काम शतकानुशतके स्त्रियांनी केले आणि दळताना ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन केले. एवढे वाङ्मय एका अवजाराभोवती निर्माण झाल्याची उदाहरणे विरळाच असतील. परंतु ओवीच्या गोडव्याने अभ्यासकाची दिशाभूल होऊ नये. ओवी गोड असली तरी खुंटा जड होता. सासुरवाशिणीचे दुखणे जात्यापाशीच बोलले गेले, कारण त्या वेळी त्या जागेवर तिच्याखेरीज दुसरे कोणी बसण्यास तयार नसे.

जात्याशी निगडित असलेला दुसरा श्रमिक बहुतेक लेखनात आढळतच नाही. दळून दळून तळ्या गुळगुळीत झाल्या की पीठ बारीक पडत नाही; मग छिन्नी-हातोड्याने त्यांना टाके घालावे लागतात. हे काम करीत टकारी, पाथरुट यांसारख्या जमाती गावोगाव फिरत. ज्यांच्या हातोडीवाचून गावाची भाकरी अडत असे, त्यांचीच नावे आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आढळतात. १८७१ पासून लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी भटक्या कारागिरांकडे संशयानेच पाहिले. ते कायदे १९५२ मध्ये रद्द झाले. तोपर्यंत तेलइंजिनावर चालणारी पिठाची गिरणी अनेक गावांत पोहोचू लागली होती. गिरणीमुळे स्त्रीची पहाट मोकळी झाली हे निर्विवाद. टकाऱ्याचा हातोडा मात्र रिकामा झाला. या दोन घटना एकत्र मांडल्याशिवाय जात्याचा इतिहास पुरा होत नाही.

तांबे, पितळ आणि प्रतिष्ठा

मातीचे भांडे विटाळले तर टाकून द्यावे लागे. धातूचे भांडे राख-चिंचेने घासून पुन्हा वापरता येई. सोवळ्या-ओवळ्याच्या व्यवस्थेत धातूला मान मिळण्याचे हे एक कारण होते. हंडा, कळशी, घंगाळ, गडू, पातेले, परात, ओगराळे हा संच ज्याच्या मांडणीवर असे, ते घर खाऊनपिऊन सुखी मानले जाई. पेशवाईच्या काळापासून पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर माठारकाम करणाऱ्या कारागिरांच्या हातोड्यांचा आवाज घुमत आला आहे.

तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथलाची कल्हई करावी लागते. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे भाता फुंकून भांडे तापविणे, नवसागर टाकणे आणि कथील कापसाच्या बोळ्याने झटकन फिरविणे एवढ्यावर हे काम रस्त्याच्या कडेलाही होत असे. कल्हई उडाली की ताक, चिंच, आमसूल यांना ते भांडे बंद. म्हणजे धातूचे भांडे घरात आणले तरी ते सतत कोणाच्या तरी श्रमावर अवलंबून होते: घरातील घासणाऱ्या स्त्रीच्या आणि दारावर येणाऱ्या कल्हईवाल्याच्या.

हा मान सर्वांसाठी नव्हता. मनुस्मृतीने चांडाळांना फुटक्या भांड्यांतून अन्न घेण्याचा दंडक घातला होता, आणि त्याची सावली विसाव्या शतकापर्यंत पोहोचलेली दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात, तत्कालीन मुंबई इलाख्यातील अहमदाबाद जिल्ह्यातील एका घटनेची नोंद केली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये झानू या गावी अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणण्यास सुरुवात केली, म्हणून त्यांना मारहाण झाली. पाणी तेच होते. आक्षेप भांड्याला होता. दिवाणी कायद्याने 'आवश्यक' म्हणून ज्याला जप्तीपासून वाचविले, ते समाजाच्या एका मोठ्या भागाला बाळगण्याचीच मुभा नव्हती. अशा घराला कलम ६० चे संरक्षण कितपत उपयोगी पडणार?

सुस्थित घरातील स्त्रीच्या दृष्टीनेही भांड्यांचा अर्थ निव्वळ स्वयंपाकापुरता नव्हता. वडिलार्जित जमिनीत मुलीला जन्मसिद्ध हिस्सा नव्हता. महाराष्ट्राने तो १९९४ च्या दुरुस्तीने, पूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळून दिला; संसदेने देशभर २००५ मध्ये दिला. त्यापूर्वी माहेरून तिच्यासोबत येई ती भांडी आणि थोडेबहुत सोने. भांड्यांवर नाव घालण्याची प्रथा या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. 'चि. सौ. कां.' पुढे नाव, देणाऱ्याचे नाव, गाव, तारीख असा मजकूर टिंबाटिंबांनी ठोकलेला असे. घरात तिच्या नावाने असलेला एकमेव दस्तऐवज कित्येकदा हाच होता. अर्थात हा दस्तऐवजही निर्धोक नव्हता. महाराष्ट्रात प्रमाण मानल्या गेलेल्या याज्ञवल्क्यस्मृतीने दुष्काळ, धर्मकार्य, आजार व बंदिवास अशा प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्याचे बंधन त्याच्यावर ठेवलेले नाही. दुष्काळात हंडा-कळशी वजनाने मोडीत निघे, तेव्हा नावही भट्टीत वितळत असे.

पोलाद, वाफ आणि वायू

अॅल्युमिनियमची भांडी भारतात तयार करण्याचा प्रारंभ आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास मद्रास येथे केला. महाराष्ट्रात त्यांना 'जर्मल' म्हटले गेले आणि गरिबाघरचे भांडे म्हणून ती रुळली. खरे स्थित्यंतर स्टेनलेस स्टीलने घडविले. शेफील्ड येथील हॅरी ब्रिअर्ली यांच्या १९१३ मधील प्रयोगांतून पुढे आलेला हा धातू स्वातंत्र्योत्तर काळात शहरी घरांत शिरला. त्याला कल्हई नको, चिंच नको. ताकही त्यात बिनघोर राहते. जुनी पितळी भांडी मोडीत देऊन स्टीलचा डबा घेणे, बोहारणीला जुने कपडे देऊन पातेले पदरात पाडून घेणे हा गृहिणीच्या आनंदाचा विषय झाला. त्या आनंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. घासण्याचे कष्ट ज्यांनी केले नाहीत, त्यांनीच पुढे पितळेचा गहिवर अधिक काढला. तरीही या अदलाबदलीत एक गोष्ट हातची गेली: पितळेला मोडीत जी किंमत येई, ती स्टीलला येत नाही. वेळ मिळाला, पण पुंजी आटली.

१९५९ मध्ये मुंबईत हॉकिन्स कंपनीची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत प्रेशर कुकर मध्यमवर्गीय घरात स्थिरावला. त्यातील दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, त्यामुळे तूरडाळ मिनिटांत शिजते. याच सुमारास कोरडे व ओले दोन्ही दळू शकणारा मिक्सर आला. मुंबईतील सत्यप्रकाश माथुर यांचा 'सुमीत' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. पाटा-वरवंटा आधी कोपऱ्यात आणि मग गच्चीत गेला. पाकपुस्तकांनाही याची दखल घ्यावी लागली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० चे आणि कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० चे. या दोहोंच्या दरम्यान शेर-पायली गेली आणि दशमान मापे आली. पायली गेली तरी वाटी-चमचा राहिला, याचे कारण मापाचे ते साधन प्रत्येक घरात आधीपासून होते.

इंधनाचा प्रश्न मात्र भांड्यांइतका सहज सुटला नाही. मुंबईत बर्मा शेल कंपनीने १९५० च्या दशकात सिलिंडरमधील गॅस आणला, पण जोडणीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. बाकीच्यांचे रॉकेलच्या स्टोव्हवर आणि रेशनच्या रांगेवर भागत होते. १९७२ पासून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधात स्त्रिया लाटणी व थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. लाटणे मोर्चाची थट्टा त्या काळी पुष्कळ झाली. तथापि स्वयंपाकघरातील साधन स्त्रियांनी स्वतःहून घराबाहेर आणले आणि त्याचा आवाज मंत्रालयापर्यंत नेला, ही घटना या साधनांच्या इतिहासात जात्याच्या ओवीइतकीच मोलाची आहे.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेची जोडणी कुटुंबातील प्रौढ स्त्रीच्या नावे दिली जाते. पितळी कळशीवर ठोकलेल्या नावानंतर स्वयंपाकघरातील वस्तूवर पुन्हा एकदा तिचे नाव आले, ते गॅसच्या पुस्तकावर. परंतु सिलिंडर अनामतीवर मिळालेला असतो. तो घराच्या मालकीचा नसतो आणि तो पुन्हा भरून आणण्याइतके पैसे दरवेळी हाताशी असतातच असे नाही. म्हणून अनेक खेड्यांत शेगडीशेजारी चूलही लिंपलेली आढळते, वैलासकट. कलम ६० मधील शब्द आजही तेच आहेत. कळशीला त्या शब्दांत जागा होती. शेगडी, कुकर आणि मिक्सर यांपैकी 'आवश्यक भांडे' कोणते, हे ठरविण्याचे काम आता जप्तीला येणाऱ्या बेलिफाच्या आणि न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविलेले आहे.