कवळाण्याची फांदी

आमच्या कळवणकडे वंशावळ शोधली जाते ती बहुधा जमिनीच्या वाटणीसाठी. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्यात मात्र वंशावळीतून राजा निघाला. १८७५ मध्ये इंग्रजांनी बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घ्यायची मुभा मिळाली. घराण्याची दूरची शाखा कवळाण्यात शेती करत होती. तिथल्या काशीरावांचा बारा वर्षांचा गोपाळ जमनाबाईंनी निवडला. तोच पुढे सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणणारा सयाजीराव. आपल्याकडच्या वंशावळी वाचताना मला हेच खटकतं : बापाखाली मुलगा, त्याखाली नातू. तुटलेली फांदी पुन्हा जोडणारी बाई त्या रेघांत मावतच नाही.