दोस्तांनी बांधलेले शेलापागोटे

शाळेच्या शेवटच्या वर्गाला निरोप देण्याची वेळ आली की आपल्याकडे दोन प्रकारचे कार्यक्रम होतात. पहिला भाषणांचा. त्यात पाहुणे बोलतात, मुख्याध्यापक बोलतात, आणि चार दिवसांनी कोण काय बोलले ते कोणाला आठवत नाही. दुसरा चिठ्ठ्यांचा. वर्गमित्रांनी एकमेकांवर लिहिलेल्या, बहुधा निनावी चिठ्ठ्या एका खोक्यात गोळा होतात. एखादा धीट विद्यार्थी त्या मोठ्याने वाचतो आणि सारे सभागृह हसते. वर्गात झोपणारा, डबा मधल्या सुट्टीआधीच संपवणारा, प्रत्येक प्रश्नाला हात वर करणारा, दर आठवड्याला नवे आजारपण काढणारा, कोणीही त्यातून सुटत नाही. हा कार्यक्रम मात्र तीस वर्षांनंतरही आठवतो.

यालाच कोणी फिशपॉन्ड म्हणतात, तर कोणी शेलापागोटे. हा दुसरा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. गुणी माणसाच्या खांद्यावर शेला घालावा, डोक्याला पागोटे बांधावे, ही आपल्या मुलखातील सत्काराची जुनी रीत. तोच शब्द पोरांनी थट्टेसाठी उचलला. म्हणजे शब्दातच सांगून ठेवले आहे की ही थट्टा असली तरी तिच्या पोटी सत्कार असला पाहिजे.

आणि नेमके तेच काही वेळा विसरले जाते. समारंभ संपतो, आणि दुसऱ्या दिवशी एखादे पालक शाळेत येऊन सांगतात की मुलगी रात्रभर रडली, आता ती निकाल घ्यायलाही यायचे नाही म्हणते. कोणाच्या रंगावर, कोणाच्या तोतरेपणावर, कोणाच्या वडिलांच्या हातगाडीवर चिठ्ठी निघालेली असते. मग हा प्रकारच बंद करावा असा विचार पुढे येतो. तसा निर्णय घेण्यापूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांच्या विद्यार्थिदशेचा थोडा इतिहास पाहणे उपयोगी ठरेल.

अलीगढचे मदरसतुल उलूम सर सय्यद अहमद खान यांनी 1875 साली सुरू केले. पुढे त्याचे एम.ए.ओ. कॉलेज झाले आणि 1920 साली विद्यापीठ झाले. तेथील वसतिगृहांत नावे ठेवण्याची कला भरभराटीला आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उन्नाव जिल्ह्यातील मोहान या कसब्यातून सय्यद फजलुल हसन नावाचा एक मुलगा तेथे शिकायला आला. अंगावर जुन्या वळणाचा पोशाख, आणि हातात चक्क पानदान! कॉलेजातील पोरांनी त्याला एका नजरेत ओळखले आणि नाव देऊन टाकले, 'खाला अम्मा'. मराठीत सांगायचे तर मावशीबाई.

ही मावशीबाई पुढे कोण झाली? 'इन्किलाब झिंदाबाद' ही घोषणा ज्यांच्या नावावर आहे ते मौलाना हसरत मोहानी. 1903 साली बी.ए. होऊन त्यांनी 'उर्दू-ए-मुअल्ला' हे मासिक काढले. त्यातील एका लेखाबद्दल 1908 साली त्यांना सक्तमजुरी झाली आणि तुरुंगात जाते ओढावे लागले. 1921 च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडली. खुद्द गांधीजींनी विरोध केला, तरी ते मागे हटले नाहीत. त्यानंतरच्या शिक्षेत त्यांना आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवले होते. पुढे ते घटना समितीचे सभासद झाले आणि 1951 साली निवर्तले. खाला अम्मा हे नाव देणाऱ्यांनी पानदान बरोबर पाहिले होते. पानदानामागचे पोलाद दिसायला मात्र वेळ लागला. वर्गात दिलेले नाव म्हणजे माणसावरचा शेवटचा निकाल नव्हे, एवढे यावरून समजावे.

दुसरे उदाहरण त्याच वसतिगृहांतील, पण थोडे पुढचे. रशीद अहमद सिद्दीकी 1915 साली अलीगढला आले. तेथे त्यांची गाठ झाकिर हुसेन नावाच्या विद्यार्थ्याशी पडली. लहानपणीच वडील वारलेला हा मुलगा इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमधून आलेला होता. दोस्तांनी त्याला 'मुर्शिद' म्हणायला सुरुवात केली. मुर्शिद म्हणजे पीर, गुरू. विशी न ओलांडलेल्या पोराला पीरसाहेब म्हणायचे, ही उघड थट्टाच. परंतु अडला-नडला त्याच्याकडेच सल्ल्याला जात असे, हेही तितकेच खरे. रशीदसाहेब पुढे उर्दूतील श्रेष्ठ विनोदी लेखक झाले आणि त्यांनी या मित्रावर 'मुर्शिद' याच मथळ्याचा खुसखुशीत लेख लिहिला. मित्र जामिया मिलियाचे कुलगुरू झाले, बिहारचे राज्यपाल झाले, 1967 साली भारताचे राष्ट्रपती झाले. पण जुन्या दोस्तांच्या तोंडचे मुर्शिद काही सुटले नाही. थट्टेचे नाव मानाचे होते ते असे.

आता या कलेचा सर्वांत सुंदर नमुना पाहू. त्याचा आपल्या मराठवाड्याशीही संबंध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीत दोन कॉलेजकुमार होते, मिर्झा फरहतुल्ला बेग आणि गुलाम यझदानी. अरबी विषयात दोघांची दांडी गुल होण्याची चिन्हे होती. म्हणून ते 'मिरातुल उरूस'कार डेप्युटी नझीर अहमद यांच्या घरी शिकायला जाऊ लागले. नझीर अहमद 1912 साली वारले. नंतर हैदराबाद संस्थानात नोकरी करीत असताना फरहतुल्ला बेग यांनी आपल्या उस्तादांचे शब्दचित्र लिहिले. ते 1927 साली मौलवी अब्दुल हक यांच्या 'उर्दू' या त्रैमासिकात आले, आणि हे त्रैमासिक तेव्हा औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, निघत असे. त्यातील 'मियाँ दानी' म्हणजेच सहाध्यायी गुलाम यझदानी. हेच यझदानी पुढे हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख झाले आणि अजिंठ्याच्या चित्रांवर त्यांनी चार भागांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला.

या शब्दचित्रात उस्तादांना काही सोडलेले नाही. त्यांचा पैशाचा काटेकोरपणा, उन्हाळ्यातला घरगुती वेष, हुक्का, बोलण्याची ढब, सगळ्यांवर लेखक मनसोक्त हसतो. पण त्याच पानांत नझीर अहमद यांचे बालपणही येते. दिल्लीतील पंजाबी कटऱ्याच्या मशिदीत राहून शिकणारा एक गरीब मुलगा. घरोघर जाऊन भाकरी गोळा करावी, तेव्हा सर्वांचे पोट भरावे. एका घरी भाकरीच्या बदल्यात पाट्यावर मसाला वाटावा लागे. हात थांबला की त्या घरची लहान मुलगी बोटांवर वरवंटा आपटी. तीच मुलगी पुढे त्यांची पत्नी झाली! ही हकिकत वाचताना आपण हसतो, आणि हसता हसता ध्यानात येते की हा काटेकोर म्हातारा एकेकाळी भुकेला होता. त्याच्या कंजूषपणाचा मग राग येत नाही.

हे शब्दचित्र वाचून उस्मानिया विद्यापीठातील उर्दूचे प्राध्यापक वहीदुद्दीन सलीम यांनी लेखकाला गळच घातली की आम्ही गेल्यावर आमच्यावरही असेच लिही. 1928 साली सलीमसाहेब वारले. फरहतुल्ला बेग यांनी शब्द पाळला आणि लेखाचे नावच ठेवले 'एक वसीयत की तामील', म्हणजे एका मृत्युपत्राची अंमलबजावणी. एखाद्याने आपली थट्टा व्हावी म्हणून वसीयत करावी, यापरते त्या थट्टेला प्रशस्तिपत्र कोणते?

नावे ठेवण्याबाबत आपल्या धर्माची शिकवणही स्पष्ट आहे. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांची टर उडवण्यास व वाईट टोपणनावांनी हाक मारण्यास मनाई आहे. परंतु प्रेमाच्या टोपणनावाला अटकाव नाही. मशिदीत जमिनीवर झोपल्याने हजरत अली (रजि.) यांच्या पाठीला माती लागलेली पाहून पैगंबरसाहेबांनी (स.) त्यांना 'अबू तुराब', मातीचा बाप, अशी हाक मारली. हे नाव हजरत अलींना अत्यंत प्रिय होते. नाव मातीचे, पण हाक मायेची.

विद्यार्थी मित्रहो, या साऱ्या कथांतून दोन-चार गोष्टी निघतात. थट्टा करावी ती माणसाच्या सवयीची. त्याच्या शरीराची, गरिबीची, आईबापांच्या धंद्याची करू नये. पानदान हातात धरणे हसरतसाहेबांच्या मर्जीची गोष्ट होती. तोतरेपणा किंवा फाटकी चप्पल कोणी मर्जीने घेत नाही. दुसरे असे की ज्याला आपण नीट ओळखत नाही त्याच्यावर लिहू नये. फरहतुल्ला बेग यांना हसण्याचा हक्क मिळाला, कारण ते त्या उंबऱ्यावर शिकले होते. तिसरे, चिठ्ठीखाली आपले नाव घालण्याची हिंमत नसेल तर ती खोक्यात टाकू नये. आणि ज्याच्यावर लिहिले तो स्वतःहून म्हणाला, 'कागद मला दे, घरी दाखवतो', तर समजावे की शेलापागोटे बरोबर बांधले गेले.

पालकांना विनंती एवढीच की हा कार्यक्रम बंद पाडण्याची घाई करू नये. शिक्षकांनी चिठ्ठ्या आधी वाचून घ्याव्यात म्हणजे झाले. मार्कांच्या यादीत मुलगा हा एक आकडा असतो. तो गणिताच्या तासाला खिडकीतून पतंग मोजत असे आणि आजारी दोस्ताच्या वह्या रात्र जागून उतरवून देत असे, हे केवळ त्याच्या वर्गमित्रालाच माहीत असते. ते कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे. कोण जाणे, यंदाच्या वर्गातही एखादी खाला अम्मा, एखादा मुर्शिद बसलेला असेल. शाळा सोडून जाणाऱ्या सर्व मुलामुलींना आमच्या दुआ. त्यांची टोपणनावे त्यांना लखलाभ होवोत!