‘करावे’ आणि ‘करवते’ : इरॅस्मस–लूथर वादातील वाचनाचा प्रश्न

मनुष्याची इच्छा स्वतंत्र आहे की नाही, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने एकच उत्तर कधी दिलेले नाही. या प्रश्नाची चर्चा सामान्यतः ईश्वरविद्येच्या किंवा नीतिशास्त्राच्या अंगाने होते. परंतु ज्या वादात तो सर्वाधिक तीव्रतेने उपस्थित झाला, त्या १५२४–२५ च्या इरॅस्मस–लूथर वादाची संहिता बारकाईने पाहिली, तर तेथील बरेचसे युक्तिवाद क्रियापदांच्या अर्थांविषयी आणि शब्दशक्तींविषयी आहेत असे दिसते. ही गोष्ट आनुषंगिक मानली जाते. ती तशी नाही.

वादाची पूर्वपीठिका जुनी आहे. मॅनिकीपंथीयांविरुद्ध लिहिताना ऑगस्टीनने पापाची जबाबदारी मनुष्याच्या इच्छेवर ठेवली. पुढे पेलागिअसशी झालेल्या संघर्षात त्याच ऑगस्टीनने कृपेवाचून ही इच्छा सत्प्रवृत्त होऊच शकत नाही, असा पक्ष घेतला. ४१८ साली कार्थेज येथील धर्मसभेने पेलागिअसच्या मताचा निषेध केला. त्यामुळे प्रश्न मिटला नाही. कृपा अनिवार्य हे निश्चित झाले, तरी तिच्या सान्निध्यात मनुष्याकडे काय उरते, हे मोकळेच राहिले. १५२० मध्ये पोप दहाव्या लिओने लूथरची जी ४१ विधाने निषिद्ध ठरविली, त्यांत पतनानंतर हे स्वातंत्र्य केवळ नावापुरते उरते, हे एक विधान होते. लूथरने उत्तरादाखल ते मागे घेण्याऐवजी अधिक कठोर केले. १५२४ च्या सप्टेंबरात इरॅस्मसने लॅटिनमध्ये प्रसिद्ध केलेला प्रबंध या कठोर विधानावर होता.

येथे एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. दोघांच्याही ग्रंथांच्या शीर्षकांत ‘आर्बिट्रिउम’ हा शब्द आहे. त्याचा मूळ आशय निवाडा, निवड, पंचाचा निर्णय असा आहे. मराठीत रूढ झालेला ‘इच्छास्वातंत्र्य’ हा पर्याय त्यामुळे काहीसा फसवा ठरतो. मनुष्याला इच्छाच नाही, तो दोरीने ओढला जातो, असे लूथर म्हणत नाही. पापी मनुष्य आपखुशीने, आवडीनेच पाप करतो; फक्त ही आवड त्याला स्वतःच्या बळावर बदलता येत नाही. घरदार, पैसाअडका यांविषयीचे निर्णय मनुष्य करतो, हेही त्याला मान्य आहे. तारणाच्या बाबतीत मात्र निवाड्याचे आसन मनुष्याचे नाही.

वादी-प्रतिवादी एकमेकांना जवळचे होते, हेही विसरता येत नाही. १५१६ मध्ये ग्रीक नवा करार संपादित करून छापणारा इरॅस्मसच; आणि लूथरच्या १५२२ च्या जर्मन नव्या कराराला आधार होता तो इरॅस्मसच्याच ग्रीक पाठाचा. लूथर इतर आधार मानणार नाही हे ओळखून इरॅस्मसने पवित्र शास्त्राच्याच मैदानात उतरण्याचे कबूल केले. संहिता एक, तिचे प्रामाण्य उभयमान्य, तरीही निष्कर्ष परस्परविरोधी : हा प्रसंग समीक्षेच्या अभ्यासकाला परका वाटू नये.

इरॅस्मसचा मुख्य आधार आज्ञा आणि संकेत यांचा आहे. सिराकच्या ग्रंथातील पंधराव्या अध्यायात मनुष्य स्वतःच्या विचारावर सोपविला गेल्याचे सांगून त्याच्यापुढे अग्नी आणि पाणी ठेवलेले आहे. अनुवादाच्या तिसाव्या अध्यायात जीवन आणि मरण समोर ठेवून निवड करण्यास सांगितले आहे. निवडण्याची शक्तीच नसेल, तर ‘निवड’ म्हणणे ही क्रूर थट्टा होईल, असा इरॅस्मसचा तर्क. १५२५ च्या डिसेंबरात आलेल्या लूथरच्या उत्तराचा रोख सरळ व्याकरणावर आहे. आज्ञार्थी आणि संकेतार्थी वाक्यांतून स्वार्थी विधान काढता येत नाही. काय केले पाहिजे ते अशी वाक्ये सांगतात, काय करता येते ते सांगत नाहीत. मराठीत हा भेद एका अक्षराच्या अंतरावर आहे : ‘करावे’ यातून ‘करवते’ निष्पन्न होत नाही. आपले वैयाकरण विध्यर्थाखाली कर्तव्य आणि शक्यता या दोहोंची नोंद करतात. इरॅस्मस जणू या सामायिक नोंदीच्या भरवशावर बोलतो. लूथर ती नोंदच फाडतो. त्याच्या मते आज्ञेचे प्रयोजन सामर्थ्याची ग्वाही देणे हे नसून असामर्थ्याची जाणीव करून देणे हे आहे.

दोघांनीही आपला मुद्दा स्पष्ट करण्यासाठी बाप आणि लेकरू यांचे दृष्टान्त योजले आहेत. इरॅस्मसचे मूल नुकतेच पडलेले आहे, त्याला अजून चालता येत नाही. बाप त्याला उभे करतो, दूरचे सफरचंद दाखवितो, हात धरून नेतो आणि शेवटी फळ हातात देतो. सर्व काही बापाचेच. मुलाचे काय, तर फळाकडे लागलेली नजर आणि धरलेल्या हाताला न दिलेला हिसका. लूथरच्या दृष्टान्तात आईबाप मुलाला मुद्दाम ‘ये’ म्हणतात, ते त्याला येता येत नाही हे त्याचे त्यालाच कळावे आणि त्याने हाताची याचना करावी म्हणून. हात दोन्हीकडे थोरांचाच आहे. फरक उरतो तो फळाकडे लागलेल्या त्या नजरेपुरता. इरॅस्मसने मनुष्याला किती थोडे देऊ केले होते, हे या जवळिकीवरून कळते. तेवढेही लूथरला का सोसवले नाही, असा प्रश्न पडतो.

त्याचे उत्तर फारोच्या प्रसंगावरील चर्चेत सापडते. परमेश्वराने फारोचे हृदय कठोर केले, असे निर्गमात वारंवार येते. काही ठिकाणी फारोनेच ते कठोर केले, असेही येते. ओरिजेनचे बोट धरून इरॅस्मस पहिल्या प्रकारच्या वाक्यांचा लाक्षणिक अर्थ करतो : एकाच उन्हाने चिखल घट्ट होतो आणि मेण वितळते, लाडाने बिघडलेल्या नोकराला ‘मीच तुला बिघडविले’ असे धनी म्हणतो, तसे हे बोलणे. लूथरचा आक्षेप असा की, उघड विसंगती किंवा श्रद्धातत्त्वाशी विरोध आल्याखेरीज शब्दाचा सरळ अर्थ सोडता येत नाही. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत हा मुख्यार्थबाधाचा प्रश्न आहे. मम्मटानेही लक्षणेची पहिली अट हीच सांगितली आहे. नियमाविषयी खरे तर मतभेद नाही. बाध कोठे आहे, हे ठरविणार कोण, हा मतभेद आहे. स्वतःच दुष्ट केलेल्यास ईश्वर शिक्षा करतो, ही कल्पनाच इरॅस्मसला बाधक वाटते. लूथरच्या मते ती मानवी न्यायबुद्धीला बाधक आहे, संहितेला नाही. आणि त्या न्यायबुद्धीला निवाड्याचे आसन देणे म्हणजेच ‘आर्बिट्रिउम’ मागच्या दाराने आत घेणे. वाचकाचे स्वातंत्र्य आणि पाप्याचे स्वातंत्र्य त्याच्या लेखी एकच झाले आहे.

मात्र सरळ अर्थाचा हा आग्रह लूथरला शेवटपर्यंत निभावत नाही. पापी मनुष्याच्या मरणाने मला संतोष नाही, असे यहेज्केलच्या ग्रंथात परमेश्वर म्हणतो. येथे शब्द सरळ आहेत. अडचण लूथरची आहे. तो शब्दाला हात लावत नाही, वक्त्याचे दोन भाग करतो : वचनातून प्रकट झालेला ईश्वर आणि वचनापलीकडचा गूढ ईश्वर. संतोष नाही तो पहिल्याला. दुसऱ्याचा हेतू अगम्य. लक्षणा टाळण्यासाठी मोजलेली ही किंमत लक्षणेहून मोठी आहे. इरॅस्मसने फारोच्या कथेत एका क्रियापदाचा अर्थ वाकविला. लूथरने कर्त्यालाच दुभंगविले.

तरीही इरॅस्मसचा पक्ष अधिक समंजस म्हणून या वादातून सुटका होत नाही. जेथे शास्त्र आणि धर्मसंस्था मुभा देतील तेथे निर्णय राखून ठेवण्याकडे आपला कल आहे, हे त्याने आरंभीच नमूद केले होते. शास्त्रातील काही अंधाऱ्या जागा उपसू नयेत, हे सामान्यांच्या नीतीसाठी हितकर, असेही त्याला वाटते. लूथरला हा अनाग्रह म्हणजे सुस्थितीतल्या विद्वानाचा आराम वाटला. आपण स्वतः निराशेच्या तळापर्यंत गेलो, जन्मच नको होता असे वाटले, ही कबुली त्याच्या ग्रंथात आहे. अखेरीस तो म्हणतो की, निवडीचे स्वातंत्र्य देऊ केले तरी आपण ते घेणार नाही. कारण तारणाचा कणमात्र भाग जरी आपल्यावर अवलंबून असला, तरी पुरेसे केले की नाही ही धास्ती कधीच संपणार नाही. फळाकडची ती नजर त्याला का सोसवत नव्हती, ते येथे कळते : नजर पुरेशी आसुसलेली होती काय, हे विचारीत मूल रात्रभर जागे राहील. १५३७ मध्ये आपल्या साऱ्या लेखनापैकी हा ग्रंथ आणि प्रश्नोत्तरी एवढेच राखण्याजोगे असल्याचे त्याने पत्रातून कळविले.

१५४७ च्या जानेवारीत ट्रेंटच्या धर्मसभेने रोमन पक्षाचा निर्णय शब्दबद्ध केला. त्यातील चौथ्या नियमाची रचना लक्षणीय आहे. मनुष्याचा ‘आर्बिट्रिउम’ तेथे आधी कर्मणी धातुसाधितांनी येतो : ईश्वराकडून हलविला गेलेला, जागविला गेलेला, आणि मग संमती देण्याची क्रिया तो कर्तरी करतो. एकाच वाक्यात दोन्ही प्रयोग ठेवले आहेत, आणि त्यांपैकी दुसरा नाकारणाऱ्याला बहिष्कृत केले आहे.