कमी बजेटच्या भयपटात लोकेशनच हिरो का ठरतं?

भयपट म्हटलं की जुनी हवेली, महागडे व्हीएफएक्स आणि मोठा स्टार डोळ्यांसमोर येतो. विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' हा मराठी सिनेमा 14 जुलै 2017 रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्याकडे यातलं फारसं काही नव्हतं. होता तो उसाचा फड, त्यात एक एकाकी घर आणि मोजकी पात्रं. तरीही लोक घाबरले. कसे?

पैसा जातो कुठे?

शूटिंगचा खर्च दिवसांवर मोजतात. कॅमेरा आणि लाइट्सचं भाडं, युनिटचं जेवण, राहणं, प्रवास हे सगळं रोज चालू असतं. लोकेशन बदललं की सामान गाडीत भरा, उतरवा, पुन्हा लावा. यात अर्धा दिवस सहज जातो. रात्रीच्या बाहेरच्या सीनला मोठे लाइट्स आणि जनरेटर लागतो. म्हणून कमी पैशांतला निर्माता एकच जागा आणि कमी कलाकार निवडतो.

ही युक्ती जुनीच आहे. रामसे बंधूंनी 1972 चा 'दो गज जमीन के नीचे' युनिट महाबळेश्वरला नेऊन साधारण साडेतीन लाखांत बनवल्याचं सांगितलं जातं. राम गोपाल वर्माच्या 'कौन' (1999) मध्ये एक घर आणि तीनच पात्रं आहेत. अमेरिकेत 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' चं शूटिंग दिग्दर्शक ओरेन पेली यांच्या स्वतःच्या घरात झालं, सुमारे 15 हजार डॉलर्समध्ये. त्याने जगभरात 19 कोटी डॉलर्सच्या पुढे कमाई केली.

ऊस काय काम करतो?

'लपाछपी'त कर्जवसुलीवाल्यांपासून लपण्यासाठी गरोदर नेहा (पूजा सावंत) आणि तिचा नवरा गावातल्या एका घरी येतात. घराभोवती माणसापेक्षा उंच ऊस.

फडात चार हातांपलीकडचं दिसत नाही. त्यामुळे भूत दाखवावं लागत नाही, पानांची सळसळ पुरते. सगळीकडे सारखंच दिसत असल्याने वाट चुकणंही खरं वाटतं. म्हणूनच हा सिनेमा भर दुपारीही घाबरवू शकतो, आणि रात्रीच्या लाइट्सचा खर्च कमी होतो.

पण फक्त पैसे वाचले म्हणून सिनेमा चालत नाही. त्यातली खरी भीती मुलीच्या जन्माची आहे. त्या घराने जे दडवलंय, तेच ऊसही दडवतो. जागा आणि गोष्ट एक झाली. पुढे फुरियांनीच 2021 मध्ये हिंदीत 'छोरी' केला, तेव्हा कलाकार बदलले. ऊस तसाच राहिला.

जळगावात हे जमेल?

जळगावातल्या मेहरूण तलावाचं उदाहरण घेऊ. पाणी, झाडं, पहाटेचा अंधूक उजेड, सेट उभारायची गरज नाही. पण तलावावर सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्यांची वर्दळ असते आणि शहराचा आवाजही येतो. शिवाय सार्वजनिक जागी शूटिंगला परवानगी लागते. थोडं धूसर दृश्य प्रेक्षक चालवून घेतात, खराब आवाज नाही. भयपट तर निम्मा आवाजावरच चालतो. म्हणजे फुकटची जागाही डबिंगमध्ये महाग पडू शकते.

रावेर-यावलची केळीची बाग उसाच्या जवळची. आत सावली आणि कोंदटपणा, वाऱ्याने फाटलेल्या पानांचा आवाज. मात्र पीक कोणासाठी थांबत नाही. अर्धा सिनेमा झाल्यावर घड कापले गेले, तर पुढचा सीन जुळत नाही. शेतकऱ्याशी कापणीची तारीख आधीच ठरवावी लागते.

आणि गोष्ट? 2011 च्या जनगणनेत 0 ते 6 वयोगटात राज्यात 1000 मुलांमागे 894 मुली होत्या. जळगाव जिल्ह्यात 842. 'लपाछपी'तली भीती इथून फार लांब नाही.

म्हणून लोकेशन शोधताना 'इथे किती खर्च येईल?' या प्रश्नासोबत दुसरा प्रश्नही हवा: 'इथले लोक कशाबद्दल बोलायचं टाळतात?' पहिल्याचं उत्तर सिनेमा पूर्ण करतं. दुसऱ्याचं उत्तर तो लक्षात ठेवायला लावतं.