फुलबागेतील समाधी आणि आपली लेखणी

वाचकहो, ग्वाल्हेरच्या फुलबागेतील राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी, आजोबांचे बोट धरून हात जोडले असतील. आपली नातवंडे मात्र या समाधीविषयीचा पहिला प्रश्न आपल्याला विचारणार नाहीत, विकिपीडियाला विचारतील. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशामागे संपादक मंडळ होते. इथे लिहिणारे आणि तपासणारे आपणच. एकाने केलेली चूक दहाजण उतरवून घेतात आणि मग तेच दहा उतारे तिचा पुरावा म्हणून पुढे केले जातात. म्हणून लिहिण्यापूर्वी काही पथ्ये पाळावीत.

पहिले पथ्य तारखेचे. कोटा-की-सराय येथील लढाई १७ जून १८५८ ची. ग्वाल्हेरात बलिदान दिन पाळतात तो १८ जूनला. राणींच्या मृत्यूची तारीख म्हणून पुस्तकांत दोन्ही आढळतात. जन्मसालही कुठे १८२८, तर कुठे १८३५ दिलेले असते. म्हणजे मृत्यूसमयी वय एकोणतीस की बावीस, हाच प्रश्न उरतो. अशा वेळी आवडती तारीख ठेवून दुसरी खोडू नये. कोणते पुस्तक काय म्हणते ते नावानिशी, पृष्ठांकासह लिहावे.

दुसरे पथ्य साधनांचे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आपल्याला घरचा वाटतो. पण ते झाशीच्या वेढ्याचे साक्षीदार, ग्वाल्हेरच्या रणाचे नव्हेत. शिवाय चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापलेल्या पाठात संपादकाचा हात फिरलेला आहे. मूळ हस्तलिखिताला धरून असलेली आवृत्ती नंतर दत्तो वामन पोतदारांनी काढली. तेव्हा दाखला देताना आवृत्ती सांगावीच लागते.

तिसरे पथ्य अवघड, कारण ते आपल्या घरात शिरते. १ जून १८५८ रोजी मुरारजवळ जयाजीराव शिंद्यांचा पराभव झाला. त्यांची बरीच फौज राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांना मिळाली. महाराज आग्र्याला गेले. इंग्रजांनी ग्वाल्हेर घेतल्यावर त्याच महिन्यात ते पुन्हा गादीवर आले. या शहरातील मराठी माणसे दोन्ही बाजूंना होती. कोणाचे पूर्वज कुठे होते याची लाज किंवा अभिमान नोंदीत उतरू देऊ नये. ‘गद्दार’ आणि ‘वीरांगना’ ही विशेषणे गाळूनही घटना पुरेशी बोलकी राहते.

चौथे पथ्य प्रत्यक्ष वास्तूचे. समाधी १८५८ चा पुरावा नव्हे. ती बांधणाऱ्यांनी काय स्मरणात ठेवले याचा पुरावा आहे. म्हणून व्यक्तीचे चरित्र आणि वास्तूची नोंद वेगळी ठेवावी. शिलालेख अक्षर न अक्षर, चुकांसकट उतरवावा. वास्तू कोणी, कधी बांधली आणि तिची दुरुस्ती कधी झाली हे छापील आधार मिळाल्यावरच लिहावे. छायाचित्राची भीती नको: सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचे व वास्तूचे छायाचित्र घेण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ मुभा देते.

शेवटी एक विनंती. आपल्या ट्रंकांत पत्रे, वंशावळी, सनदा आहेत. राणींचे दत्तक पुत्र दामोदरराव १९०६ साली इंदुरात वारले. तेव्हाच्या आठवणी कोणाच्या घरी असतील, तर त्याही मोलाच्या. पण अप्रकाशित कागद विकिपीडियाला आधार म्हणून चालत नाही. तो आधी जाणकाराकडून वाचून घ्या, संपादित करून आपल्या संस्थेच्या पुस्तकात छापा, मग त्याचा दाखला द्या. कागदाला वाळवी लागते तशी आठवणीलाही लागते. ती लागण्यापूर्वी ट्रंक उघडा.